दक्षिणेचे एक जुने सफरचंद कसे वाचवावे: ली कॅल्हून यांच्या कामाचे स्मरण ठेवून

अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत, म्हणजे व्हर्जिनियापासून जॉर्जिया-अलाबामापर्यंत आणि पश्चिमेकडे आर्कान्सापर्यंत, एके काळी बहुतेक शेतघरांच्या मागे सफरचंदांची लहानशी बाग असे. तेथील उन्हाळा कडक, हवा दमट आणि माती बऱ्याच भागांत लाल, चिकण. तरीही जूनमध्ये पिकणाऱ्या कॅरोलायना रेड जूनपासून हिवाळाभर तळघरात किंवा पेंढ्याने झाकलेल्या खड्ड्यात टिकणाऱ्या येट्स, शॉक्ली, टेरी विंटर यांसारख्या वाणांपर्यंत फळांची अशी रांग लावलेली असे की घरात सफरचंद नाही असे महिने थोडेच असत. काही फळे चकत्या करून वाळवण्यासाठी, काही ॲपल बटर आटवण्यासाठी, काही सायडर, व्हिनेगर आणि ब्रँडीसाठी, तर उरलेली डुकरांसाठी. पुढे रेल्वे आली, शीतगृहे आली, दूरच्या राज्यांतून एकसारखी लाल फळे दुकानांत वर्षभर मिळू लागली आणि घरामागच्या बागांची गरज संपली. झाडे म्हातारी झाली, शेते विकली गेली, आणि त्यांच्याबरोबर शेकडो वाण नाहीसे झाले.

या नाहीशा होण्याची मोजदाद ज्यांनी केली त्यांत ली कॅल्हून यांचे नाव पहिले घ्यावे लागते. लष्करातून लेफ्टनंट कर्नल म्हणून निवृत्त झाल्यावर ते पत्नी ईडिथ यांच्यासह नॉर्थ कॅरोलायनातील पिट्सबरोजवळ राहू लागले, जुन्या झाडांच्या शोधात हिंडले, मिळालेल्या वाणांची कलमे बांधून रोपवाटिका चालवली आणि १९९५ मध्ये दक्षिणेतील सफरचंदांचा एक जाडजूड कोश प्रसिद्ध केला. १९२८ पूर्वी दक्षिणेत उगम पावलेल्या किंवा तेथे मोठ्या प्रमाणावर लावल्या जाणाऱ्या सुमारे १,८०० वाणांची नोंद त्या कोशाच्या सुधारित आवृत्तीत आहे. त्यांच्या संग्रहातील वाणांवरूनच नॉर्थ कॅरोलायनातील पिनॅकल येथे हॉर्न क्रीक या सरकारी ऐतिहासिक शेतावर दक्षिणी सफरचंदांची जतन-बाग उभी राहिली.

अशा माणसाचे स्मरण फलक लावूनही करता येते. परंतु त्यांचे काम शिकण्याजोगे आहे आणि एका माणसाला, एका वाणापुरते, पूर्ण करता येण्याजोगे आहे. त्या कामाच्या दोन बाजू आहेत: काडी, म्हणजे कलमासाठी कापलेला फांदीचा तुकडा, आणि नाव. नुसती काडी वाचली तर हाती एक अनामिक झाड उरते, आणि नुसते नाव वाचले तर जुन्या कॅटलॉगातील चार ओळी. दोन्ही बरोबर कशी न्यावीत, हे पुढे क्रमाने सांगितले आहे.

कलमच का, याचे उत्तर थोडक्यात देता येते. सफरचंदाच्या बहुतेक वाणांना फळ धरण्यासाठी दुसऱ्या वाणाचा पराग लागतो, त्यामुळे प्रत्येक बीमध्ये दोन वेगळ्या झाडांचे गुण मिसळलेले असतात आणि बीपासून वाढलेले झाड आईसारखे फळ देत नाही. नवे वाण जन्माला येतात ते या मिसळीतूनच. मॅग्नम बोनम हे दक्षिणेतील नावाजलेले सफरचंद १८२८ च्या सुमारास नॉर्थ कॅरोलायनातील डेव्हिडसन काउंटीत हॉल नावाच्या लहानशा सफरचंदाच्या बीपासून निघाले. मात्र एकदा निघालेले वाण टिकवायचे तर त्याचीच काडी दुसऱ्या मुळांवर बांधावी लागते. आज जिवंत असलेले प्रत्येक मॅग्नम बोनम हे त्या पहिल्या झाडाच्या लाकडाचेच लांबलेले रूप आहे, आणि म्हणूनच शेवटचे झाड पडले की वाण संपते.

झाड शोधण्याआधी माणूस शोधावा

नवखे लोक सरळ रानात जाऊन जुनी झाडे पाहू लागतात. तसे केल्यास झाडे सापडतात, नावे सापडत नाहीत. नाव आठवणाऱ्या व्यक्ती बहुधा ऐंशीच्या पुढे असतात, आणि झाडाला आणखी दहा वर्षे मिळाली तरी त्यांना ती मिळतील असे नाही. म्हणून शोधाची सुरुवात चर्चच्या वार्षिक मेळाव्यात, काउंटीच्या जत्रेत, शेतमालाच्या बाजारात किंवा गावच्या साप्ताहिकातील छोट्या निवेदनाने करावी. नॉर्थ कॅरोलायनातील क्लेमन्स येथील टॉम ब्राउन यांनी १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून याच प्रकारे लोकांना विचारत विचारत हजाराहून अधिक वाण शोधून काढले. त्यांना सापडलेले जुनालुस्का हे सफरचंद चेरोकी या मूळ अमेरिकी जमातीचे प्रमुख जुनालुस्का यांच्या नावाने ओळखले जाते, आणि ते सापडण्यामागे मॅकन काउंटीतील जुन्या बागांचा कागदोपत्री माग आणि तेथील रहिवाशांची आठवण या दोन्हींचा हात होता.

विचारताना "तुमच्याकडे कोणते जुने वाण आहे?" असा प्रश्न फारसा उपयोगी पडत नाही. त्याऐवजी घरात त्या फळाचे काय केले जात असे, ते कोणत्या महिन्यात उतरवत, किती दिवस टिकत असे, वाळवल्यावर चकत्या पांढऱ्या राहत की तपकिरी होत, झाड कोणी आणि कोठून आणले, असे विचारावे. एखाद्या आजींना नाव आठवणार नाही, पण या झाडाची फळे मक्याची कापणी संपल्यावर उतरवत असत आणि वाळवलेल्या चकत्यांचा थरांचा केक नाताळात होत असे, हे नक्की आठवेल. आणि पुढे ओळख पटवताना याच माहितीने निम्मे वाण बाद करता येतात. दोघा-तिघांना स्वतंत्रपणे विचारावे व त्यांची उत्तरे एकत्र न करता वेगवेगळी लिहावीत. शक्य असल्यास परवानगी घेऊन बोलणे ध्वनिमुद्रित करावे, कारण नावाचा उच्चार नंतर महत्त्वाचा ठरतो. मॅग्नम बोनमला दक्षिणेत कित्येक घरांत 'मॅगी बोमन' म्हणत. हे 'बोमन' कोण होते याचा शोध घेत बसणाऱ्याची वर्षे वाया जातील. ऐकलेले नाव ऐकले तसेच लिहावे आणि आपली दुरुस्ती शेजारी निराळ्या शाईने करावी.

जमीन दुसऱ्याची असते याचा विसर पडू देऊ नये. मालकाची परवानगी घ्यावी, शक्यतो लेखी, आणि कलम यशस्वी झाले तर एक झाड त्यांना परत आणून देण्याचे वचन द्यावे. हे सौजन्य तर आहेच, शिवाय मूळ जागी त्या वाणाचे दुसरे झाड उभे राहते.

फळ असताना पाहणी

झाडाला पहिली भेट फळ पिकलेले असताना द्यावी. हिवाळ्यातील उघड्या फांद्यांवरून वाण ओळखणे मुरलेल्या बागायतदारालाही क्वचितच जमते. तीन-चार नव्हे, निदान दहा-बारा फळे झाडाच्या वेगवेगळ्या बाजूंनी घ्यावीत, कारण सावलीतले फळ आणि उन्हातले फळ रंगाने इतके वेगळे असू शकते की दोन वाण वाटावेत. रंगावर विसंबू नये, हा या सगळ्या कामातला माझ्या मते सर्वांत उपयोगी नियम आहे. जुन्या फलशास्त्रज्ञांनी वर्णने लिहिताना ज्या गोष्टींवर भर दिला त्या कमी बदलणाऱ्या आहेत: देठाची लांबी व जाडी, देठाजवळची खळी खोल की उथळ, त्या खळीत खडबडीत तपकिरी साल पसरली आहे का, फळाच्या खालच्या टोकाचा खळगा कसा आहे, तेथील वाळलेल्या फुलाची पाने मिटलेली की उघडी, सालीवरचे ठिपके मोठे की बारीक.

मग एक फळ देठापासून खालच्या टोकापर्यंत उभे आणि दुसरे मधोमध आडवे कापावे. उभ्या कापात गाभ्याचा आकार आणि फुलाच्या तळाशी असलेली नळी दिसते. आडव्या कापात बियांचे कप्पे मधल्या अक्षाकडे उघडे आहेत की बंद, हे कळते. गराचा रंग, तो कापल्यावर किती लवकर तपकिरी होतो, रस, आंबटपणा हे सर्व त्याच दिवशी लिहून ठेवावे. प्रत्येक फळाचे छायाचित्र पट्टीसह, पांढऱ्या कागदावर, वरून, बाजूने, खालून आणि कापून घ्यावे. काही फळे थंड जागी ठेवून दर पंधरा दिवसांनी चाखावीत. काही दक्षिणी वाण झाडावरून उतरवल्यावर खाण्याजोगे नसतात आणि जानेवारीत गोड होतात. अशा वाणावर ऑक्टोबरमधील एका घासावरून 'निकृष्ट' असा शेरा मारला गेला तर त्याचे नाव कधीच सापडणार नाही.

नाव जुळवताना दोन साधने हाताशी असावीत. पहिले म्हणजे अमेरिकी कृषी खात्याचा फळांच्या जलरंगचित्रांचा संग्रह. १८८६ पासून पुढे सुमारे अर्धशतकात, रंगीत छायाचित्रणाचा सर्रास वापर सुरू होण्याआधी, खात्याने चित्रकार नेमून देशभरातून आलेली फळे रंगवून घेतली. साडेसात हजारांहून अधिक चित्रांत निम्मी सफरचंदांची आहेत, अनेक चित्रांवर फळ कोणत्या गावाहून आले व कोणत्या तारखेला रंगवले हे लिहिलेले आहे, आणि मेरीलँडमधील राष्ट्रीय कृषी ग्रंथालयाने ती सर्वांना विनामूल्य पाहता येतील अशी खुली केली आहेत. आपल्या काउंटीहून गेलेले एखादे फळ तेथे सापडणे अजिबात अशक्य नाही. दुसरे साधन म्हणजे जुन्या रोपवाटिकांचे कॅटलॉग. जॉर्जियातील ऑगस्टा येथील फ्रूटलँड, साउथ कॅरोलायनातील पोमारिया, नॉर्थ कॅरोलायनातील ग्रीन्सबरोजवळची पोमोना या रोपवाटिकांनी आपापल्या परिसरात कोणती झाडे विकली हे कळले की शक्यतांची यादी आटोक्यात येते. फ्रूटलँडची जमीन आज ऑगस्टा नॅशनल या जगप्रसिद्ध गोल्फ मैदानाची आहे. तिची झाडे गेली, पण तिच्या छापील याद्या अजून बोलतात. फिरते विक्रेते रंगीत फळचित्रांची पुस्तके घेऊन घरोघर जात आणि एकच वाण तीन गावांत तीन नावांनी खपवत, हेही लक्षात ठेवावे, कारण कॅटलॉगातील प्रत्येक वेगळे नाव म्हणजे वेगळे फळ नव्हे.

आज पानांच्या नमुन्यावरून जनुकीय तपासणी करून घेता येते. ती जरूर करावी, पण तिची मर्यादा समजून करावी: तपासणी आपल्या नमुन्याची तुलना आधीपासून ओळख पटलेल्या झाडांशी करते. तुलनेसाठी खात्रीचे झाडच कोठे नसेल तर प्रयोगशाळा फक्त एवढेच सांगेल की हे आपल्या माहितीतील कोणतेही वाण नाही. त्या उत्तराने निराश होण्याचे कारण नाही, कारण हरवलेल्या वाणाकडूनही हेच उत्तर येणार असते. अर्थात बीपासून आपोआप उगवलेल्या रानझाडाकडूनही तेच येते, आणि येथे पुन्हा माणसांची आठवण कामी येते.

ओळख पटण्याची वाट पाहत काडी घेणे मात्र लांबणीवर टाकू नये. आधी कलम, मग नाव. ओळखीला पाच वर्षे लागली तरी चालतात. पोकळ खोडाच्या झाडाला एक वादळ पुरते.

काडी कापणे

काडी झाड पूर्ण सुप्तावस्थेत असताना कापावी. दक्षिणेच्या बहुतेक भागांत जानेवारीचा मध्य ते फेब्रुवारीचा मध्य हा काळ योग्य ठरतो. गरम भागांत फेब्रुवारीच्या शेवटी कळ्या फुगू लागतात आणि मग उशीर होतो. हवी असते ती मागील हंगामात वाढलेली, पेन्सिलीइतक्या जाडीची, सरळ फांदी. वर्षाची वाढ ओळखण्यासाठी टोकापासून मागे येत जावे: जेथे फांदीभोवती बारीक सुरकुत्यांची कडी दिसते तेथे मागच्या वर्षीची वाढ सुरू झालेली असते. जाड, गोलसर फुलकळ्यांच्या आखूड फांद्या घेऊ नयेत.

येथे एक सापळा आहे. जुन्या झाडाच्या बुंध्याशी जमिनीतून सरळ धुमारे निघालेले असतात, ते तरुण व हाताशी असतात, आणि मुख्य झाडावर तशी वाढ कोठेच नसते. झाड कलमी असेल तर हे धुमारे खुंटाचे, म्हणजे ज्या मुळांवर काडी बांधली त्या झाडाचे असतात, वाणाचे नव्हे. त्यांपासून केलेल्या कलमाला कित्येक वर्षांनी भलतेच फळ लागते. दुसरीकडे, दक्षिणेतील शेतकरी एकमेकांना मुळांजवळचे धुमारे उपटून देत आणि अशी स्वमूळ झाडे कित्येक घरी होती, तेथे धुमारा व झाड एकच असते. कोणता प्रकार आहे हे खात्रीने कळत नसेल तर काडी वरच्या, फळ देताना प्रत्यक्ष पाहिलेल्या फांदीवरूनच घ्यावी.

फार म्हाताऱ्या झाडावर वर्षाला दोन-तीन इंचच वाढ होते. अशा वेळी दोन उपाय आहेत. मालकाची संमती असेल तर एका हिवाळ्यात एक-दोन फांद्यांची मागे छाटणी करावी म्हणजे पुढच्या उन्हाळ्यात त्यांवर जोमदार कोंब येतात, आणि काडी त्यानंतरच्या हिवाळ्यात घ्यावी. झाड तितके टिकेल अशी खात्री नसेल तर मिळेल ती आखूड वाढ घ्यावी. दोन डोळे असलेला तुकडासुद्धा कलमाला पुरतो. वादळात पडलेल्या झाडाची काडीही, ती सुकण्याआधी कापली तर, उपयोगी पडते, म्हणून अशी बातमी कानावर येताच निघावे.

काड्या आठ-दहा इंच लांबीच्या कापाव्यात, कापलेल्या टोकांना मेण लावावे, प्रत्येक जुडीला झाडाचा क्रमांक, ठिकाण व तारीख लिहिलेली चिठ्ठी बांधावी. मग किंचित ओलसर कागदात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करून १ ते ४ अंश सेल्सिअसला ठेवाव्यात. कागद पिळून घेतलेला असावा. पाणी साचले तर बुरशी येते. त्या शीतकपाटात पिकलेली फळे ठेवू नयेत, कारण त्यांतून निघणारा इथिलीन वायू कळ्या मारतो. नीट ठेवलेली काडी दोन-तीन महिने सहज टिकते.

खुंटाची निवड

जतनासाठी लावायच्या झाडाला एमएम १११ हा खुंट मला सर्वांत रास्त वाटतो. तो जड चिकण माती व कोरडे उन्हाळे सोसतो, मुळांवरील लोकरी माव्याला दाद देत नाही आणि आधाराच्या खांबाशिवाय उभा राहतो. झाड पूर्ण आकाराच्या झाडाच्या सुमारे तीन-चतुर्थांश ते चार-पंचमांश उंचीचे होते. जागा कमी असेल तर एम ७ घ्यावा, मात्र त्याला धुमारे फार फुटतात. एम ९ सारखे ठेंगणे खुंट लवकर फळ देतात, पण त्यांना जन्मभर खांब व पाणी लागते, आणि लक्ष न दिलेल्या बागेत ते टिकत नाहीत. वाण पन्नास वर्षे टिकावे हा हेतू असेल तर त्यासाठी पाच वर्षांत खचणारे मूळ निवडण्यात अर्थ नाही.

आणखी एक बाब रोपवाटिकांच्या यादीत ठळकपणे लिहिलेली नसते. शंभर वर्षे उभ्या असलेल्या झाडात कोणतीही लक्षणे न दाखवणारे विषाणू असण्याची शक्यता मोठी असते, आणि ते काडीबरोबर येतात. जिनिव्हा मालिकेतील काही नवे खुंट, विशेषतः जी १६, अशा विषाणूंना इतके संवेदनशील आहेत की कलम धरून मग मरते. जुन्या झाडाच्या काडीसाठी म्हणूनही एमएम १११ किंवा एम ७ हेच सुरक्षित.

कलम बांधणे

फेब्रुवारीचा शेवट ते मार्च या काळात टेबलावर बसून जिभेचे कलम बांधावे. खुंट आणि काडी सारख्या जाडीची निवडावी. चाकू इतका धारदार हवा की एका ओढीत सपाट काप निघावा. कलम न धरण्याची बरीचशी प्रकरणे बोथट चाकूपाशीच सुरू होतात. खुंट मुळांपासून पाच-सहा इंचांवर तिरका कापावा, कापाची लांबी जाडीच्या तीन-चार पट, म्हणजे साधारण दीड इंच. काडीचे खालचे टोकही तसेच, त्याच कोनात कापावे. दोन्ही काप एकमेकांवर ठेवून उजेडाकडे धरावेत. फट दिसली तर पुन्हा कापावे, दाबून बांधल्याने फट मिटेल या आशेवर राहू नये. मग दोन्ही कापांवर, टोकापासून एक-तृतीयांश अंतरावर, लाकडाच्या उभ्या रेषांच्या जवळपास समांतर अशी अर्ध्या इंचाची चीर द्यावी. या चिरेमुळे जी जीभ तयार होते ती समोरच्या चिरेत अडकवली की सांधा हात सोडला तरी जागचा हलत नाही.

सालीच्या लगेच आत जो हिरवट, ओलसर थर असतो तोच वाढणारा थर, आणि दोन्ही बाजूंचे हे थर एकमेकांना टेकले तरच कलम जुळते. जाडी कमी-जास्त असेल तर काडी मध्यभागी न ठेवता एका कडेला सरकवावी, म्हणजे निदान एका बाजूचे थर नक्की जुळतात. काडीवर दोन-तीन डोळे ठेवून वरचा भाग कापावा, सांधा पॅराफिल्म (ताणली जाणारी मेणाची पातळ पट्टी) किंवा कलमपट्टीने ताणून गुंडाळावा आणि काडीचे वरचे टोक मेणाने बंद करावे. चाकू नेहमी दुसऱ्या हाताच्या अंगठ्यापासून दूर जाईल असा चालवावा. पहिल्या दिवशी नुसत्या छाटणीच्या फांद्यांवर सराव करून मगच दुर्मीळ काडीला हात लावावा.

बांधलेली कलमे ओलसर भुशात मुळे झाकून, फार थंड नाही व फार उबदार नाही अशा १५ अंशांच्या आसपासच्या जागी सुमारे दोन आठवडे ठेवावीत, आणि नंतर कुंडीत किंवा वाफ्यात लावावीत. एका वाणाची किमान तीन-चार कलमे बांधावीत. काडी अपुरी असेल व उन्हाळ्यात पुन्हा मिळण्यासारखी असेल तर ऑगस्टमध्ये, साल सहज सुटत असताना, डोळा भरण्याचा मार्ग आहे. त्यात एका डोळ्यातून एक झाड होते, म्हणून अगदी थोडे लाकूड असताना तो कलमापेक्षा काटकसरीचा ठरतो. बागेतील एखाद्या जाड, तयार झाडावर पाचर कलम करून नवे वाण ठेवणे हाही चांगला विमा आहे, फक्त त्या फांदीला धातूची चिठ्ठी पक्की बांधलेली असावी.

लावणी आणि पहिली वर्षे

डोळे फुटल्यावर सर्वांत जोमदार कोंब ठेवून बाकीचे काढावेत आणि सांध्याखालून फुटणारे सर्व कोंब दिसताक्षणी खुडावेत, नाहीतर खुंटच झाड होऊन बसतो. पट्टी आपोआप सैल होत नसेल तर जूनच्या सुमारास उभी चिरावी. पानगळीनंतर, नोव्हेंबर ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत, झाड कायमच्या जागी न्यावे. दक्षिणेत जमीन हिवाळ्यात फारशी गोठत नसल्याने शरदातील लावणी फायद्याची, कारण उन्हाळ्याच्या झळा लागण्याआधी मुळांना बराच अवधी मिळतो.

जागा उताराच्या मध्यभागी निवडावी. नॉर्थ कॅरोलायनाचे सायलस मॅकडॉवेल यांनी एकोणिसाव्या शतकातच लिहून ठेवले होते की डोंगरउतारावर एक असा पट्टा असतो जेथे वसंतातील उशिराचे हिम पडत नाही, कारण थंड हवा रात्री वाहत जाऊन खोऱ्याच्या तळाशी साचते. ते स्वतः स्थानिक सफरचंदांचे मोठे संग्राहक होते, तेव्हा हे निरीक्षण मोहोर करपताना पाहूनच आले असावे. चिकण मातीत खड्डा खोल करण्यापेक्षा रुंद करावा, काढलेली मातीच परत भरावी, खड्ड्यात खत घालू नये. सांधा जमिनीच्या वर तीन-चार इंच राहिला पाहिजे. तो गाडला गेला तर काडीलाच मुळे फुटतात आणि खुंटाचा उपयोग संपतो. एमएम १११ वरील झाडांत अठरा ते वीस फूट अंतर ठेवावे. खोडाभोवती शेतउंदरांसाठी बारीक जाळी आणि संपूर्ण झाडाभोवती हरणांसाठी उंच कुंपण लागते. जवळपास त्याच वेळी फुलणारे दुसरे वाण हवे. ग्राइम्स गोल्डन यासाठी चांगले, आणि स्टेमन निरुपयोगी, कारण त्याचा पराग दुसऱ्याच्या कामी येत नाही.

रोगांबद्दल थोडेच. पानांवर नारिंगी ठिपके पाडणारा तांबेरा जवळच्या लाल सीडरच्या झाडांवरून येतो, तेथे वसंतातील पावसात नारिंगी, चिकट शिंगे फुटलेल्या गाठी दिसतात. जवळची अशी झाडे काढली तर त्रास कमी होतो, संपत नाही. मोहोराच्या काळात शेंडे जळाल्यासारखे काळे पडून वाकले तर तो फायर ब्लाइट हा जिवाणूंचा रोग. कोरड्या दिवशी दिसणाऱ्या जखमेच्या आठ ते बारा इंच खाली छाटावे आणि फांदी बागेबाहेर न्यावी. सर्व जुनी वाणे रोगांना दाद देत नाहीत, असे जे उत्साहाने सांगितले जाते, ते खरे नाही. काही देत नाहीत, काही भरपूर देतात, आणि नोंदवहीत हेही लिहावे.

नोंद, वाटप आणि पडताळणी

ॲल्युमिनिअमची कोरता येण्याजोगी चिठ्ठी फांदीला सैल बांधावी, पण एकट्या चिठ्ठीवर भरवसा ठेवू नये. तारा तुटतात, हरणे ओढतात. बागेचा नकाशा ओळ व क्रमांकासह कागदावर असावा आणि त्याची एक प्रत दुसऱ्या घरी असावी. नोंदीत ऐकलेले नाव, ते कोणाकडून ऐकले, मूळ झाडाची काउंटी, काडीची तारीख, खुंट, आणि ओळख किती खात्रीची, हे सर्व यावे. खात्री नसेल तर ज्ञात नाव चिकटवण्याऐवजी शेताच्या किंवा रस्त्याच्या नावावरून तात्पुरते नाव द्यावे. चुकीच्या नावाने वाटलेले झाड निनावी झाडापेक्षा अधिक नुकसान करते, कारण ते पुढच्या शोधकाला खरे झाड सापडल्याच्या भ्रमात ठेवून शोध थांबवायला लावते.

एक वाण एकाच बागेत ठेवू नये. हॉर्न क्रीकच्या बागेत प्रत्येक वाणाची जोडी लावण्यात आली, हे तत्त्व घरीही पाळता येते: दोन झाडे आपल्याकडे, एक मूळ मालकाकडे, आणि काही काड्या पुढच्या हिवाळ्यात एखाद्या जतन-बागेला किंवा जुन्या वाणांच्या रोपवाटिकेला. काडी देताना नोंदीची पूर्ण प्रत सोबत द्यावी आणि कोणाला काय दिले हे आपल्या वहीत लिहावे.

एमएम १११ वर पहिले फळ चार ते सहा वर्षांत येते. ते आल्यावर मूळ झाडाच्या छायाचित्रांशी आणि वर्णनाशी पुन्हा एकदा ताळा घ्यावा. तरुण झाडाची पहिली फळे बहुधा मोठी व आकाराने जराशी वेगळी असतात, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या हंगामानंतरच निर्णय करावा. फळ जुळले नाही तर कोठेतरी काडी बदलली किंवा खुंट वर आला, असे समजून चिठ्ठी बदलावी आणि वहीतील यादीप्रमाणे ज्यांना काड्या दिल्या त्या प्रत्येकाला पत्राने कळवावे.